कड्यावरचा शंख आणि त्याचें घराणें

आमच्या शास्त्राच्या खोलींत खिडकीखालच्या फडताळांत एक पत्र्याचा डबा आहे. मुलांनीं पावसाळ्यांत गोळा केलेले शंख त्यांत ठेवले आहेत. कांहीं लेंडी नदीच्या डोहांतले, कांहीं विहिरीच्या पायऱ्यांवरचे, कांहीं शेताच्या बांधावरचे. मुखेडपासून समुद्र चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हां शंख म्हटला कीं तो लाटांबरोबरच यावयाचा, अशी आमच्या बहुतेक मुलांची समजूत होती. आपल्या पायाखालच्या चिखलांत त्यांचा एवढा मोठा गोतावळा नांदतो आहे, हें पाहून त्यांस मोठी मौज वाटली.

मग वर्गीकरणाची वेळ आली. "सारखे सारखे एकत्र ठेवा," एवढेंच आम्हीं सांगितलें. मुलांनीं रंगावरून तीन ढीग केले: काळसर, तपकिरी आणि पांढुरके. आम्हांसही तें प्रथमदर्शनीं ठीक वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं सातवीच्या वर्गांतील एका मुलीनें एकाच ढिगांतले दोन जिवंत शंख बशींतल्या पाण्यांत ठेवले आणि काडीनें दोहोंना हळूच स्पर्श केला. एकानें आपलें अंग आंत ओढून तोंडावर पातळ तपकिरी झांकण घट्ट लावून घेतलें. दुसरा नुसताच आंत गेला. त्याचें दार उघडेंच राहिलें. "ह्याला दार आहे, त्याला नाहीं, मग हे एका घरचे कसे?" असें तिनें विचारलें. आम्हांस तीनही ढीग मोडावे लागले.

पालकसभेच्या दिवशीं तोच डबा पाहून एक शेतकरी पालक म्हणाले, "गुरुजी, २०२२ सालीं ह्या गोगलगायींनीं आमचें सोयाबीन कोंभांतच खाऊन टाकलें, आणि तुम्ही त्यांना डब्यांत जपून ठेवतां!" त्यांचें म्हणणें रास्त होतें. त्या खरिपांत लातूर, बीड व आसपासच्या भागांत गोगलगायींनीं केलेली नासाडी कोणी विसरलेला नाहीं. परंतु शेतांत शिरणारी ती गोगलगाय जमिनीवरची. तिला फुप्फुस असतें, झांकण नसतें. डोहांतला झांकणवाला शंख पाण्यांत कल्ल्यांनीं श्वास घेतो आणि पिकाच्या वाटेस जात नाहीं. तिसरा एक पातळ कवचाचा शंख डबक्यांत असतो. तो दिसावयास अगदीं गरीब. पण शेळ्यामेंढ्यांच्या यकृतांत शिरणाऱ्या चपट्या कृमीचें बालपण त्याच्या जातभाईंच्या अंगांत जातें. तेव्हां कोण कोणाच्या घरचा हें ओळखणें केवळ पंडितांची करमणूक नव्हे. तें चुकलें, तर निरपराध्यास शिक्षा होते आणि अपराधी मोकळा राहतो.

रंगावरून ढीग करण्याची जी चूक आमच्या मुलांनीं व आम्हीं केली, तिचीच मोठी बहीण एका विद्वान् गृहस्थांच्या हातून सह्याद्रीवरील एका चिमुकल्या शंखाविषयीं घडली होती. त्या शंखाच्या घराण्याचा नीट उलगडा होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. ती हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा लेख.

त्यासाठीं मुखेडहून पश्चिमेकडे लांबचा पल्ला मारला पाहिजे. आपल्या बालाघाटाच्या टेकड्यांचा जो काळा पाषाण, तोच दख्खनभर पसरत जाऊन सह्याद्रीच्या माथ्यास पोंचतो आणि कोंकणाच्या बाजूस एकाएकीं तुटतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमींतून वर आलेल्या तप्त रसाचे थरांवर थर बसून हा पाषाण झाला. (ह्या थरांच्या मधल्या गाळांतही शंख सांपडतात, अश्मरूप झालेले. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं त्यांचा मोठा संग्रह करून १८६० सालीं त्यांवर निबंध छापला. ते मुख्यतः जुन्या सरोवरांतले शंख. आपल्या आजच्या कथानायकाचें घराणें निराळें.) जेथें हा पाषाण तुटतो, तेथें पावसाळ्यांत असंख्य धारा खालीं उडी घेतात. धारेच्या दोन्ही अंगांस कडा तुषारांनीं सदा भिजलेला असतो, त्यावर शेवाळाचा हिरवा लेप चढतो, आणि त्या लेपावर हरभऱ्याच्या दाण्याएवढाले शंख चिकटलेले असतात. ते जिभेनें शेवाळ खरवडून खातात. घाटांतून जाणाऱ्या प्रवाशाची नजर धबधब्याकडे लागलेली असते. हे त्याला दिसतच नाहींत.

ह्या शंखास शास्त्रीय भाषेंत 'क्रेम्नोकाँकस' म्हणतात. हा ग्रीक शब्दांचा जोड आहे: 'क्रेम्नोस' म्हणजे कडा, 'काँकस' म्हणजे शंख. आम्ही ह्या लेखापुरतें त्यास सरळ 'कडेशंख' म्हणूं.

पुढें जाण्यापूर्वीं नांवांविषयीं दोन शब्द. स्वीडन देशांतील लिनीअस ह्या पंडिताच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांचीं शास्त्रीय नांवें मोजलीं जातात. प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें नांव असतें. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आपल्या आडनांवासारखा. दुसरा त्या विशिष्ट जातीचा. परस्परांच्या जवळच्या अशा अनेक प्रजाति मिळून एक कुल होतें. आमच्या शाळेच्या हजेरीपटांत एकाच नांवाचीं तीन मुलें असलीं, तरी चालतें. बापाच्या नांवावरून निभावतां येतें. प्राण्यांच्या पटांत मात्र एक प्रजातिनाम दोघांस देतां येत नाहीं. ज्यानें आधीं घेतलें, त्याचें तें झालें. ह्या नियमाचा फटका कडेशंखास कसा बसला, तें पुढें येईलच.

१८५५ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांत एडगर लेयर्ड ह्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेयर्ड हे सिलोनांत सरकारी नोकरींत होते आणि पक्षी व शंख ह्यांचे जाणते संग्राहक होते. महाबळेश्वराकडील एका लहानशा शंखाचें त्यांनीं त्यांत वर्णन केलें. शंखाच्या वेटोळ्यावर नावेच्या कण्यासारखी धार उठलेली दिसली, म्हणून त्याला 'कॅरिनेटस' म्हणजे 'कणा असलेला' असें जातिनाम मिळालें. येथवर सर्व ठीक. पण आडनांव कोणतें द्यावयाचें? लेयर्ड ह्यांनीं त्यास 'अँकुलोटस' ह्या प्रजातींत बसविलें. आणि अँकुलोटस हे तर अमेरिकेंतील नद्यांमधले शंख! सह्याद्रीच्या माथ्यावरचा शंख अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडच्या नदीच्या घराण्यांत दत्तक गेला.

ह्याबद्दल लेयर्ड ह्यांस हंसण्याचें कारण नाहीं. वर्णन करावयाचें तें कवचाचें, आणि कवचांवरून पाहिलें तर साम्य खरोखरच होतें. वेगानें वाहणाऱ्या पाण्यांत दगडास चिकटून राहणाऱ्या शंखास उंच निमुळता मनोरा परवडत नाहीं. पाण्याच्या धक्क्यानें तो उलटेल. त्याचें कवच आंखूड व जाड होतें, तोंड रुंद होतें, म्हणजे त्यांतून मोठें पाऊल बाहेर काढून दगडावर घट्ट पकड घेतां येते. अमेरिकेंतली नदी असो कीं महाबळेश्वरचा ओढा असो, पाण्याचा धक्का सारखाच आणि त्यावरचा उपायही सारखाच. दोन निरनिराळ्या गांवच्या तालमींत घुमणाऱ्या पैलवानांचे खांदे सारखे दिसले, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहींत. कवचाकडे पाहून कुल ठरविण्यांत हाच धोका आहे: कवच हें कांहीं अंशीं बापाकडून येतें, कांहीं अंशीं धंद्यामुळें घडतें, आणि कोणता अंश कशाचा, हें नुसतें कवच सांगत नाहीं.

ही गांठ ज्यांनीं सोडविली, ते विल्यम ब्लॅनफर्ड पेशानें शंखशास्त्रज्ञ नव्हते. १८३२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ १८५५ सालीं भारतांतील भूस्तरशास्त्र खात्यांत नोकरीस आले. मुंबई इलाख्यांतील काळ्या पाषाणाची पाहणी त्यांच्याकडे होती, म्हणजे कडे चढणें उतरणें हें त्यांचें नित्याचेंच काम. दगड पाहण्यास गेलेल्या ह्या माणसाची नजर दगडावर चिकटलेल्या जिवांवरही पडली, आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्यांनीं तो प्राणी जिवंत, त्याच्या राहत्या जागीं पाहिला. १८६३ सालीं 'ॲनल्स अँड मॅगझीन ऑफ नॅचरल हिस्टरी' ह्या नियतकालिकांत त्यांनीं सह्याद्रीच्या कड्यांवरील दोन शंखांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन्ही नवीन, दोन्ही कडेकरी, पण परस्परांशीं कांहीं नातें नसलेले.

पहिला आपला कडेशंख. सह्याद्रीवरून त्यास 'सह्याद्रेन्सिस' असें जातिनाम दिलें. मराठी मुलखांतल्या पर्वताचें नांव अशा रीतीनें प्राणिशास्त्राच्या पटावर चढलें. ह्याच्या तोंडावर झांकण आहे, ह्यास कल्ले आहेत. दुसरा 'लिथोटिस रुपिकोला'. ह्याचें कवच चपट्या शिंपल्यासारखें, झांकण नाहीं, आणि तो आपल्या शेतांतल्या गोगलगायीप्रमाणें फुप्फुसाचा धनी. बशींतल्या दोन शंखांना काडी लावून आमच्या मुलीनें जो भेद दाखविला, तोच भेद येथें एकाच ओल्या कड्यावर हजर होता. एक जमिनीवरून येऊन कड्यावर राहिला. दुसरा मग कोठून आला?

झांकण आणि कल्ले ह्यांचा माग काढीत गेल्यावर जें कुल सांपडलें, तें समुद्राचें. 'लिटोरिनिडी' ह्या नांवाचें हें कुल जगभरच्या खडकाळ किनाऱ्यांवर पसरलें आहे. कोंकणांत कालवें आणि तिसऱ्या सर्वांच्या ओळखीच्या असतात. पण भरतीच्या रेषेवरच्या खडकांच्या फटींत जे बारीक शंख दाटीनें बसलेले असतात, त्यांस कोणी उचलीत नाहीं, कारण त्यांत खाण्याजोगें फारसें कांहीं नसतें. ते ह्या कुलाचे. ह्यांची राहण्याची तऱ्हा चमत्कारिक आहे. समुद्राचे प्राणी असूनही ते समुद्रांत बुडून राहत नाहींत. लाटांचे तुषार जेथवर उडतात, त्या पट्ट्यांत ते राहतात. ओहोटीच्या उन्हांत झांकण लावून घ्यावयाचें, तुषार आले कीं बाहेर येऊन खडकावरचें शेवाळ खरवडावयाचें, हा त्यांचा दिनक्रम. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, धबधब्याच्या कडेचा भिजका कडा आणि लाटांच्या कडेचा भिजका खडक ह्यांत एका गोष्टीखेरीज मोठा फरक नाहीं. ती गोष्ट म्हणजे मीठ.

आतां नांवाचा घोटाळा सांगूं. ब्लॅनफर्ड ह्यांनीं १८६३ सालीं आपल्या शंखाच्या प्रजातीस 'क्रेम्नोबेटिस', म्हणजे 'कड्यावर चढणारा', असें सुंदर नांव दिलें होतें. परंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८६१ सालीं, गुंथर ह्या पंडितानें तेंच नांव एका माशास देऊन टाकलें होतें. मासा कड्यावर कितपत चढत असेल तो असो. नियम तो नियम. १८६९ सालीं ब्लॅनफर्ड ह्यांनीं आपलें नांव मागें घेऊन 'क्रेम्नोकाँकस' हें नवीन नांव योजलें. लेयर्ड ह्यांचा अमेरिकेस दत्तक दिलेला शंखही ह्याच प्रजातींत परत आला. १८७० सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत ब्लॅनफर्ड ह्यांनीं आणखी एका जातीचें वर्णन केलें. तिचें कवच शंकूच्या आकाराचें, म्हणून ती 'कोनिकस'.

ह्यानंतर फार दीर्घ काळ ह्या प्रजातीचा पसारा एवढाच समजला जाई: उत्तर सह्याद्रींत, म्हणजे मराठी मुलखांत, तीन नांवें, त्यांपैकीं कोणतें नांव किती पक्कें ह्याबद्दल शंका, आणि संग्रहालयांच्या खणांतून कापसावर ठेवलेलीं कांहीं कवचें. शंखांकडे पुन्हां पुन्हां जाऊन पाहणारे थोडे. सुंदर पक्ष्यास पाहणारे पुष्कळ मिळतात. दाण्याएवढ्या काळपट शंखासाठीं भर पावसांत निसरड्या कड्यावर उभें राहण्यास वेगळ्याच जातीचा उत्साह लागतो.

तो उत्साह कर्नाटकांतून आला. उडुपीचे एन. ए. मध्यस्थ आणि बंगळूरचे एन. ए. अरविंद ह्यांनीं मध्य सह्याद्रीचे ओढे व धबधबे शोधले. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांतील डेव्हिड रीड हे तर ह्या समुद्री कुलाचेच अभ्यासक. तिघांनीं मिळून २०१३ सालीं लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या प्राणिशास्त्रविषयक नियतकालिकांत कडेशंखांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० ते १४०० मीटर उंचीच्या पट्ट्यांत हे शंख राहतात, आणि ते महाराष्ट्रापुरते नसून कर्नाटकांतही आहेत, हें त्यांनीं दाखविलें. तेथल्या अनेक नव्या जातींना प्रथमच नांवें मिळालीं. त्यांतील एक आगुंब्याच्या घाटावरून 'आगुंबेन्सिस' झाली.

हें काम कसें केलें, तें मुलांनीं समजून घेण्याजोगें आहे. कवच पाहिलेंच, पण त्यावर विसंबून राहिले नाहींत. झांकण पाहिलें. मग जीभ पाहिली. शंखाची जीभ ही दांत बसविलेल्या बारीक कानशीसारखी पट्टी असते. ह्या कुलांत तिच्या प्रत्येक आडव्या ओळींत सात दांत असतात, मध्यें एक आणि दोन्ही बाजूंस तीन तीन. त्या दांतांचा घाट सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां येतो. मग अंगाची आंतली रचना उघडून पाहिली. आणि शेवटीं पेशींतील डी. एन. ए. वाचलें. आपल्याकडे वंशावळी सांगणाऱ्या भाटांच्या वह्या असत. त्यांत बापानें मुलाला दिलेलें नांव पिढ्यान् पिढ्या उतरून येई, आणि क्वचित् लिहिणाऱ्याची चूकही तशीच उतरून येई. दोन वह्यांत तीच चूक सांपडली, म्हणजे दोन्ही एकाच जुन्या वहीवरून उतरल्या हें उघड होतें. पेशींतल्या ह्या वहीचें वाचन असेंच करतात. समान बदल जितके अधिक, तितकें नातें जवळचें. वाहत्या पाण्याचा धक्का कवचाचा आकार बदलूं शकतो. ह्या वहींतल्या सर्व नोंदी एकाच दिशेनें बदलणें त्याला साधत नाहीं.

ह्या सर्व साक्षी जुळवून पाहिल्यावर कडेशंख समुद्रकुलाचेच ठरले, आणि मराठी मुलखांतील शाखा व कर्नाटकांतील शाखा ह्या दोन भिन्न उपप्रजाति आहेत असें दिसून आलें. त्यांचें सर्वांत जवळचें गोत मात्र कोंकणच्या उन्हांतल्या खडकांवर बसलेलें नाहीं. ज्या उपकुलांत त्यांस घालतात, त्यांत उत्तरेकडील थंड समुद्रांतले 'लॅक्युना' नांवाचे लहान शंख आहेत. ते समुद्रवनस्पतींच्या पात्यांवर राहतात. एक भाऊ बर्फाळ देशांच्या किनाऱ्याशीं आणि दुसरा महाबळेश्वराच्या कड्यावर, असें हें पांगलेलें कुटुंब आहे.

समुद्र सोडून डोंगरावर राहण्याची किंमत ह्या शंखास द्यावी लागली आहे. त्याचे समुद्रांतले बहुतेक भाऊबंद आपलीं अंडीं अथवा तरंगतीं पिलें पाण्यावर सोडून मोकळे होतात. समुद्र त्यांना दूरदूरच्या किनाऱ्यांवर पोंचवितो. कड्यावरच्या शंखानें तसें केलें, तर पहिल्याच धारेबरोबर संतति खालीं कोंकणांत वाहून जाईल. म्हणून त्यानें तरंगत्या बाळपणास रजा दिली. त्याचें पिलू अंड्यांतून निघतें तें सरपटणारा लहानसा शंख होऊनच. त्यामुळें तें सुरक्षित राहतें खरें, परंतु प्रवास संपतो. एका ओढ्यांतला शंख डोंगराचा कोरडा सोंड ओलांडून शेजारच्या ओढ्यांत सहसा जाऊं शकत नाहीं. प्रत्येक धबधबा त्याला एका बेटासारखा आहे, आणि बेटाबेटांवर वेगळें पडलेलें कुटुंब हळूहळू वेगळ्या जातीचें होतें.

येथेंच काळजीचें कारण आहे. ज्या प्राण्याचें राज्य एखाद्या डोंगराएवढें, किंवा कांहीं थोड्या कड्यांएवढेंच, त्याला नाहींसें करण्यास मोठें संकट लागत नाहीं. घाटाचा रस्ता रुंद करतांना कडा तासला, वरच्या बाजूस ओढा अडवून पाणी दुसरीकडे नेलें, विश्रामगृहाचें सांडपाणी धारेंत सोडलें, तर एवढ्यानें भागतें. आणि हें करणारास आपण कोणाचें घर मोडलें ह्याची वार्ताही नसते. पश्चिम घाटांतील निवडक ३९ स्थळें २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आलीं, ही चांगली गोष्ट झाली. परंतु धबधबे त्या यादीबाहेरही पुष्कळ आहेत. रक्षण करावयाचें तर अर्जांत नांव लिहावें लागतें, आणि ज्याचें नांवच ठरलेलें नाहीं, त्याच्या वतीनें अर्ज तरी कोणी करावा? आगुंब्याचा शंख नांव मिळण्यापूर्वींही कड्यावर होताच. पण २०१३ पर्यंत कागदावर तो नव्हता.

आमची शाळा सहलीस सह्याद्रीकडे गेली, म्हणजे मुलांनीं कड्यांवर अवश्य पाहावें. मात्र शंख ओरबाडून आणूं नयेत, आणि धबधब्याच्या निसरड्या दगडांवर पाऊल घालूं नये, हें पालकांच्या वतीनें आम्हीच बजावून ठेवतों. दुरून चित्र काढावें, जागेचें नांव व तारीख लिहावी. ब्लॅनफर्डच्या वेळीं छायाचित्र काढणें हें मोठें अवजड काम होतें. आज तें घरोघरीं खिशांत आहे.

दरम्यान आमच्या पत्र्याच्या डब्यांत आतां रंगाचे ढीग राहिलेले नाहींत. झांकणवाले एका बाजूस, बिनझांकणाचे दुसऱ्या बाजूस, आणि प्रत्येकाखालीं एक चिठ्ठी. डोहांतला गोल पोटाचा शंख कोणाचा, लांब मनोऱ्याचा कोणाचा, चकतीसारखा चपटा कोणाचा, हें पुस्तकें उघडून मुलांनीं बरेंचसें लाविलें आहे. एक मात्र अडला आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढा, झांकण असलेला, नदीकांठच्या एका पाझरत्या दगडाखालीं मिळालेला. काळसर आहे, म्हणून त्याला काळ्यांत टाकावें अशी सूचना कोणी केली नाहीं. त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण लिहिलें आहे, तारीख लिहिली आहे, आणि नांवाची ओळ सातवीच्या त्या मुलीनें तूर्त कोरी ठेविली आहे.